रायमोंडोचे घोडे

घोडपदेवला राहतो म्हटलं की नवीन माणूस हमखास विचारतो, "तिथे घोडे असतात का?" नाही हो! आमच्याकडे गिरण्या होत्या. घोडे सात रस्त्याच्या पलीकडे, महालक्ष्मीला. मला मात्र रेसपेक्षा शो-जंपिंग आवडतं. एवढं अवजड जनावर दांड्यांवरून अलगद पलीकडे जातं. दांडी पडली की चार दोषगुण.

या खेळातला माझा हीरो म्हणजे इटलीचा रायमोंडो दिन्झेओ. वडील घोडदळात घोडेस्वारी शिकवायचे, थोरला भाऊ पिएरो लष्करी अधिकारी, आणि हा स्वतः काराबिनिएरीत, म्हणजे सैन्याचाच भाग असलेल्या पोलीस दलात. 1948 ते 1976, दोघेही भाऊ ओळीने आठ ऑलिंपिक खेळले! 7 सप्टेंबर 1960 ला रोममध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, पोसिल्लिपो नावाच्या घोड्यावर रायमोंडोने सुवर्ण घेतलं. त्याचे दोष 12, रौप्य मिळवणाऱ्या पिएरोचे 16.

त्याच्या उड्यांच्या जुन्या फिल्म्स पाहाच. घोडा झेपावताना हा पुढे झुकतो, हात घोड्याच्या मानेबरोबर जातात, तोंडाला झटका म्हणून बसत नाही. ही पद्धत कॅप्रिल्ली या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याची. त्याआधी स्वार मागे रेलून लगाम ओढायचे. बिचारे घोडे!

पण त्या सुवर्णपदकाच्या दोनच महिने आधी, 6 जुलै 1960 ला, रोममध्येच पोर्ता सान पाओलोपाशी लोक जमले होते. नवफॅसिस्टांच्या पाठिंब्यावर तगलेल्या तांब्रोनी सरकारविरुद्ध निदर्शनं होती. त्यांच्यावर घोडदळ घातलं गेलं, आणि त्या तुकडीच्या पुढे होता दिन्झेओ. दुसऱ्या दिवशी रेज्जो एमिलियात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. महिना संपायच्या आत सरकारही गेलं.

हे वाचल्यावर मी अण्णांना सांगितलं. अण्णा गिरणीतले, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांत चाललेले. पदकांचं त्यांनी ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "त्या लोकांना मागे सरायला जागा होती का रे?"

हुकूम होता, त्याने पाळला, असं म्हणता येतं. मीही बरेच दिवस तसंच म्हणत होतो. पण घोडे, सराव, पगार, अंगावरचा तो रुबाबदार युनिफॉर्म, हे सगळं त्याला ज्या नोकरीने दिलं, तिचंच ते काम होतं. सप्टेंबरचा रायमोंडो माझा आणि जुलैचा कुणा दुसऱ्याचा, असं कसं चालेल? फिल्म्स मी अजून बघतो. हात तितकेच सुंदर दिसतात, काय करणार..

असो. 1932 साली बंद झालेलं मुंबई पोलिसांचं अश्वदल 2020 च्या जानेवारीत पुन्हा सुरू झालं, गर्दी आवरायला आणि वाहतुकीसाठी. टीव्हीवर घोडे दाखवत होते. उंच, तुकतुकीत. नातू टाळ्या पिटत होता. अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि घोडे पडद्यावरून जाईपर्यंत बघत राहिले.