दत्तक वारसा

वारसा रक्तानें येतो, अशी माझी परवांपरवांपर्यंत पक्की समजूत होती. ती मोडली माझ्या चौदा वर्षांच्या नातवानें, आणि तीही कॅनडांतील व्हँकुव्हर शहरीं.

मुलीच्या घरीं जाऊन आम्हांला चार दिवस झाले नसतील, तोंच जेवतांना नातवानें जाहीर केलें, "आजोबा, मी सीफोर्थ हायलँडर्सच्या कॅडेट पथकांत जाणार. तिथं किल्ट घालायला मिळतो!" ज्याची मुंज मी हट्टानें पुण्यास करविली, तो मुलगा आतां स्कॉटिश लोकांचा चौकड्यांचा घागरा नेसणार! हिनें हसून वेळ मारून नेली. मला मात्र रात्रीं झोप लागली नाहीं.

माझ्या रागाला आणखी एक कारण होतें. उभा जन्म मी शाळेंत इतिहास शिकविला. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर वेलस्लीनें शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हां त्याच्या सैन्यांत अठ्ठ्याहत्तरावी हायलँडर पलटण होती. त्या विजयाची खूण म्हणून तिला हत्तीचें मानचिन्ह मिळालें. पुढें १८८१ सालीं हीच पलटण ब्रिटनच्या सीफोर्थ हायलँडर्समध्यें सामील झाली, आणि त्यांचेंच नांव व पोशाख व्हँकुव्हरच्या पलटणीनें घेतला. असईला आमच्यावर चालून आलेल्यांचा वेष माझ्या नातवानें घालावयाचा!

तरी त्याच्या आग्रहाखातर मी बर्रार्ड रस्त्यावरील पलटणीच्या ठाण्यांत गेलों. ही दगडी किल्ल्यासारखी इमारत १९३६ सालची. पलटण १९१० सालची. ती राखीव पायदळाची आहे. दिवसा कचेरींत, दुकानांत किंवा विद्यापीठांत असणारीं माणसें संध्याकाळीं येथें कवाइतीस येतात. टोपीवर सांबराचें मस्तक, अंगावर मॅकेंझी कुळाच्या चौकड्या, आणि ब्रीद गेलिक भाषेंतील: 'राजास साह्य करा'. पण चेहरे पाहावे तों कोणी चिनी वळणाचा, कोणी पंजाबी! ब्रिटनमधील मूळ सीफोर्थ पलटण १९६१ सालीं दुसरींत विलीन झाली. सख्ख्या घरीं मालवलेला दिवा दत्तक घरीं तेवत राहिला होता.

तेथील संग्रहालयांत एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांला ऑर्टोनाची हकीकत सांगितली. १९४३ च्या डिसेंबरांत इटलींतील या गांवीं ही पलटण जर्मन छत्रीधारी सैनिकांशीं घरोघर झुंजत होती. रस्त्यावर पाऊल ठेवणें म्हणजे मरण. म्हणून भिंतींना भोकें पाडून एका घरांतून दुसऱ्यांत शिरावयाचें. २५ तारखेस नाताळ आला. लढाई चाललेल्या गल्ल्यांजवळच्याच सांता मारिया दि कोस्तांतिनोपोली या चर्चमध्यें टेबलें मांडून त्यांवर पांढऱ्या चादरी अंथरल्या. एकेक कंपनी लढाईंतून मागें येई, ताटावर बसे आणि जेवून पुन्हां गोळीबारांत जाई. जेवणांत सूप, भाजलेलें डुकराचें मांस, बटाटे, पुडिंग! आमच्या पाटपाण्यांतल्या मंडळींनीं नाक मुरडूं नये. कित्येकांचें तें शेवटचें जेवण ठरलें. चर्चमधला ऑर्गन वाजत होता, बॅगपाइप वाजत होता, आणि बाहेर तोफा. १९९८ सालीं त्याच गांवीं कॅनेडियन आणि जर्मन म्हातारे सैनिक नाताळास एका पंगतीला बसले.

सैन्यांत नाताळच्या जेवणाला अधिकाऱ्यांनीं शिपायांना वाढावयाचें, अशी जुनी चाल आहे, हेंही त्या गृहस्थांनीं सांगितलें. मला माझे वडील आठवले. कार्याच्या दिवशीं सगळी पंगत उठेपर्यंत ते स्वतः वाढीत, आणि मग उरलेलें जेवीत. असा वारसा पंक्तींत वाढणाऱ्याकडून जेवणाऱ्याकडे येतो. त्याला रक्ताची वाट लागत नाहीं.

परततांना मला आणखी एक गोष्ट आठवली. त्याच डिसेंबरांत, त्याच आघाडीवर, कॅनेडियनांच्या डाव्या अंगाला हिंदुस्थानची आठवी डिव्हिजन लढत होती, आणि तिच्यांत मराठा पायदळ होतें. असईनंतर १४० वर्षांनीं तो हत्ती विसरून दोन्हीं घराणीं एका बाजूला उभीं होतीं.

आपल्या धर्मशास्त्रानें दत्तकाला पिंडदानाचा अधिकार दिला आहे, तो त्यानें जबाबदारी पत्करली म्हणून. तेव्हां परक्या वेषाला हरकत घेणारा मी कोण? घरीं येतांच मी नातवाला म्हटलें, "जा तूं. पण एक अट आहे. त्या पलटणीच्या लोकांनीं तुला असईची गोष्ट सांगितली, तर समोरच्या बाजूला कोण होतें, तें तूं त्यांना सांगायचं."

"मला ठाऊक नाहीं, आजोबा," तो म्हणाला.

मग त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मी त्याला घेऊन बसलों. मुंजींत गायत्री सांगून झाली होती. असई सांगावयाची राहून गेली होती.