तार, बंदूक आन् अर्ज



चार दिवस पेजवर काही लिहिलं नाही, त्याचं कारण सांगतो. सोमवारच्या रात्री खालच्या तीन बांध्यांत डुकरं शिरली. भारी धान होता, लोंबी भरून वाकली होती, आठ-दहा दिवसांत कापणी लागणार होती. सकाळी वावरात गेलो तर अर्ध्या एकराच्या वर धान चिखलात लोळवलेला. डुक्कर खाते कमी आन् नासवते जास्त, हे सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडच्या धानवाल्यांना मी काय सांगू? तिकडे आरमोरी, कुरखेड्यातही तीच गत आहे.

पोरगा धुऱ्यावर उभा होता. म्हणाला, "बाबा, आता तार लावतो. जागलीला जाता येत नाही, वाघ हाय. मग का करायचं?"

मी म्हटलं, "घरी चाल, तिथं सांगतो."

घरी जे सांगितलं ते आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. वीस वर्षांच्या वर झाली. मी ऐन तिशीत होतो. असाच धान, अशीच डुकरं. एका रात्री मी खांबावर आकडा टाकला, खुंट्या ठोकल्या आन् बांधीभोवती उघडी तार फिरवली. वडलांना सांगितलं नाही, कारण ते नाहीच म्हणाले असते. पहाटे चारला ते उठले आन् बांधीचं पाणी पाहायला बॅटरी घेऊन निघाले. मी झोपेत. आमचा कुत्रा त्यांच्या पुढं चालत होता. तो एकदाच ओरडला. वडील होते तिथंच थांबले. चार पावलांचं अंतर होतं.

घरी येऊन मला उठवलं आन् एवढंच म्हणाले, "आकडा काढ." मग दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

पोरगा ऐकून गप्प झाला. त्याची आई पण.

तारेला समोर डुक्कर हाय का माणूस, हे कळत नाही. एप्रिल २०१७ मध्ये आपल्याच नागभीडकडे श्रीनिवास नावाचा वाघ असाच गेला. उमरेड-करांडल्याच्या जय वाघाचा तो बछडा, गळ्यात रेडिओ कॉलर होती. शेतातल्या करंटच्या तारेनं मेला. वाघ मेला तर कायद्यात कमीत कमी तीन वर्षं कैद आहे, जास्तीत जास्त सात. वीजचोरीचा गुन्हा वेगळा. माणूस मेला तर काय होते ते मी लिहीत नाही.

मग पोरगा म्हणाला, "तार नाही, तर बंदुकीनं तरी मारता येते का?"

येते, पण आपल्या मनानं नाही. बरेच जण मला हेच विचारतात म्हणून जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं लिहितो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. रानडुक्कर आन् रोही दोन्ही त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत येतात. वावर आपलं असलं तरी त्यात आलेलं जनावर आपलं होत नाही. पण कलम ११ मध्ये सोय आहे. जनावर उभ्या पिकाला धोकादायक झालं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. २०१५ साली आपल्या राज्यानं शासन निर्णय काढून डुक्कर आन् रोही यांच्यासाठी हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर तो गुन्हा नाही, पण धान वाचवणं म्हणजे जीव वाचवणं नव्हे. आन् परवानगीनं मारलेलं डुक्कर पण सरकारचं असते. मटण वाटून खाल्लं तर केस होते.

आता माझा अनुभव. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी असा अर्ज केला होता. सात-बारा, फोटो, सगळं जोडलं. दोन चकरा झाल्या. मग ध्यानात आलं की परवानगी मिळाली तरी मारणार कोण? गोळी परवान्याच्या बंदुकीतूनच सुटली पाहिजे. आमच्या गावात परवाना एकाच म्हाताऱ्या काकांजवळ, पीक संरक्षणाची जुनी भरमार. काका म्हणाले, "मले रातच्याले आपला बैल दिसत नाही, डुक्कर का दिसन?" वरून विधानसभेची आचारसंहिता लागलेली, म्हणून बंदूक ठाण्यात जमा. आपल्याकडे धान पिकायचा आन् निवडणुकीचा हंगाम एकच आला की असं होते. तोवर धान कापून झाला.

काही जण म्हणतात डुकराला सरळ उपद्रवी जाहीर करा. कलम ६२ खाली केंद्र सरकार तसं करू शकते, ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी. बिहारमध्ये डुक्कर आन् रोही यांच्यासाठी केलं होतं. २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर रोही मारले. तेव्हा दिल्लीत दोन मंत्र्यांची जुंपली होती. मनेका गांधी म्हणाल्या होत्या की चंद्रपुरात ५३ रानडुकरं मारली आन् आणखी ५० ची परवानगी दिली. त्यांना तो आकडा मोठा वाटला. आमच्याकडे तो ऐकून लोक हसले, दोन-तीन गावच्या शिवारात तेवढी निघतील म्हणाले.

मी पण हसलो होतो. पण आता वाटते, रात्री हातोहाती बंदुका आल्या तर मोहफुलाच्या दिवसांत पहाटे जंगलात जाणाऱ्या बायांचं काय? आन् डुक्कर कमी झालं तर वाघ आपल्या गोठ्याकडे येणार नाही कशावरून? केरळनं २०२२ मध्ये डुकराच्या परवानगीचा अधिकार पंचायतीच्या प्रमुखांना दिला. मला वाटते आपल्याकडे अधिकार कोणाचाही असो, नेमबाज सरकारनं द्यावा आन् लोंबी भरायच्या आधी द्यावा. कापणीनंतरची परवानगी काय कामाची?

सध्या आम्ही काय केलं ते सांगतो. नुकसानीचा अर्ज तीन दिवसांच्या आत द्यावा लागते, तो दुसऱ्याच दिवशी दिला आन् पोच घेतली. पंचनामा होईपर्यंत लोळलेल्या धानाला हात लावला नाही. शेजारच्या तिघांनी मिळून श्यामाप्रसाद मुखर्जी योजनेतून सौर कुंपणासाठी नाव टाकायचं ठरवलं. त्याचा झटका बसते, पण जीव जात नाही. काही अडलं तर वनविभागाचा नंबर १९२६ आहे.

उरलेला धान वाचते का नाही, माहीत नाही. काल रात्री पोरानं धुऱ्यावर रिकामे डबे बांधले आन् अंधार पडायच्या आत घरी आला. माळ्यावर जुन्या तारेचं भेंडोळं पडून होतं, ते त्यानंच काढून भंगारवाल्याला दिलं. मी काही म्हटलं नव्हतं.

तुमच्याकडे परवानगी कोणाला मिळाली असेल आन् खरोखर डुक्कर मारलं गेलं असेल, तर कसं जमलं ते खाली लिहा. सगळ्यांच्या कामी येईल.