सलग २११ दिवस

माझ्या बायबलच्या ॲपमध्ये एक आकडा दिसायचा. सलग किती दिवस वाचलं त्याचा. गेल्या ऑगस्टमध्ये तो २११ वर होता, आणि खरं सांगायचं तर वाचलेल्यापेक्षा मला त्या आकड्याचाच जास्त अभिमान होता.

त्याच आठवड्यात आजी घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री नगरच्या हॉस्पिटलमध्ये तिच्याजवळ मी थांबले होते. पावणेबाराला आठवलं, आजचं वाचन राहिलंय! तेव्हा '१ इतिहास' चालू होतं. त्याचे पहिले नऊ अध्याय म्हणजे बहुतेक नुसती वंशावळ. अंगठ्याने भराभर नावं सरकवत होते, तेवढ्यात आजी म्हणाली, "पोरी, जरा हात धर गं. भ्या वाटतंय."

मी म्हणाले, "आजी, दोनच मिनिटं."

११:५८ ला खूण हिरवी झाली. २१२. मान वर केली तर आजीने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. मग हात धरला. तिने धरू दिला, बोलली काही नाही.

संडे स्कूलच्या नाटकात मी दोनदा चांगला शोमरोनी झाले होते. जखमी माणसाला पाहून पुढे निघून जाणारा याजक व्हायला कुणीच तयार नसायचं. ती भूमिका मला मिळायला अशी वीस वर्षं लागली.

कामावर मला हे लगेच कळलं असतं. मोजमापच ध्येय झालं की ते मोजमाप बिघडतं, हा चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाच्या १९७५ च्या मांडणीचा सारांश आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. टेस्ट कव्हरेज ९० टक्के हवं म्हटलं की लोक काहीही न तपासणाऱ्या टेस्ट लिहितात. कोड चालतो, आकडा वाढतो, बग तिथेच. मीही लिहिल्यात तशा.

म्हणून मी सगळंच सोडून दिलं. दीड महिना ना वाचन, ना प्रार्थना. त्याला मी 'कृपेतलं स्वातंत्र्य' म्हणत होते. प्रत्यक्षात रात्री एक वाजेपर्यंत रील्स बघत होते.

जॉन वेस्ली तरुणपणी ऑक्सफर्डमध्ये बुधवारी-शुक्रवारी उपास करायचा आणि तासातासाचा हिशेब रोजनिशीत लिहायचा. हॅबिट ट्रॅकरचा खापरपणजोबाच म्हणा. १७३८ मध्ये लंडनच्या एका सभेत त्याला आतून पटलं, की तारण अशा हिशेबाने मिळत नाही. पण त्यानंतरही त्याने उपास सोडला नाही, पहाटे उठणंही नाही. या सगळ्याला तो कृपेची साधनं म्हणत राहिला. मला हेच जमत नव्हतं. माझ्याकडे दोनच बटणं होती, चालू आणि बंद.

दिवाळीच्या सुट्टीत आजीकडे राहिले. रात्री आठला ती कापडातून बायबल काढायची. कधी एक अध्याय, कधी चारच ओळी. शेजारच्या काकू मुलाचं रडगाणं घेऊन आल्या की पुस्तक मिटायचं, वर चष्मा ठेवायचा, चहा टाकायला मला सांगायचं.

"आजी, काल वाचायचं राहिलं की."

"राहिलं. देव काय हजेरी घेतोय व्हय?"

"मग रोज कशाला वाचतेस?"

"तुझ्या आजोबांना रोज चहा देत होते, ते काय वहीत लिहून ठेवत होते?"

ॲपमधला आकडा मी लपवला. यंदाच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या ४० दिवसांत, शुक्रवारचं जेवण सोडायचं ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्याच शुक्रवारी टीममधल्या एकाची नोकरी गेली. "चल, काहीतरी खाऊ," म्हणाला. गेले, मिसळ खाल्ली, त्याचं ऐकलं. परतताना बसमध्ये लक्षात आलं, की मी स्वतःवर भलतीच खूश आहे. बघा, उपास किती सहज मोडला! मी मुळीच कर्मठ नाही! देवळातला तो परूशी आपल्या उपासांची यादी देवाला ऐकवत होता. माझी यादी मोडलेल्या उपासांची, एवढाच फरक. बसमध्ये एकटीच हसले.

रात्री आजीला फोन करून स्तोत्र १२१ वाचायला घेतलं. निम्म्यावर पलीकडून घोरणं ऐकू आलं. उरलेलं मी वाचलं नाही. थोडा वेळ फोन तसाच कानाला धरून बसले.