मागच्या चाकाचा आकडा

मोटारसायकलवर बसलेल्या माणसाला आपल्या गाडीचं बरंच काही दिसतं. काटा दिसतो, टाकी दिसते, आरशात स्वतःचं तोंड दिसतं, मान जरा पुढं काढली तर पुढचं चाकही दिसतं. मागचा टायर तेवढा दिसत नाही. तो दिसतो मागून येणाऱ्याला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या रस्त्यांवरचे मागचे टायर जे सुटत चाललेत, त्याचं मूळ मला या साध्या गोष्टीत वाटतं.

आमच्या घरी पहिलं वाहन आलं ते बजाज चेतक. तिची दोन्ही चाकं ३.५०-१०, म्हणजे टायर साडेतीन इंच रुंद आणि रिम दहा इंच व्यासाची. स्टेपनीही त्याच मापाची. मागचा टायर झिजला की वडील पुढचा मागे घालायचे, स्टेपनी पुढे यायची आणि झिजलेला टायर स्टेपनीच्या जागी जाऊन बसायचा. हा फेरपालट रविवारी सकाळी अंगणात व्हायचा. चेतकची रिम दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली, त्यामुळे टामी न घालता ट्यूब हातानं बाहेर निघायची. फक्त एक धाक होता. आधी हवा सोडायची, मगच जोडनटांना पाना लावायचा, नाहीतर रिमचा अर्धा भाग तोंडावर यायचा. मागचा टायर कोणत्या मापाचा घ्यावा, हा प्रश्न त्या घरात पडणं शक्यच नव्हतं. मागचाच आधी का झिजतो, हे मात्र मी एकदा विचारलं होतं. वडील पाना फिरवत म्हणाले, ‘‘तुझी आई कुठं बसते?’’ इंजिनचा सगळा जोरही त्याच चाकावर येतो, हा अर्धा भाग त्यांनी सांगितला नाही. आईनं ऐकलं होतं, त्यामुळे पुढचं बोलणं वेगळ्या विषयावर गेलं.

मामांची गोष्ट निराळी. ते पाटणच्या बाजूच्या वाड्यांवरून दूध गोळा करून डेअरीला घालायचे. त्यांच्या हिरो होंडा स्प्लेंडरची दोन्ही चाकं २.७५-१८. माप एकच, म्हणून दुकानदार बिनदिक्कत हाताला लागेल तो टायर पुढं करायचा. मामा तो घ्यायचे नाहीत. ते टायर मांडीवर आडवा घेऊन त्याच्या कडेवरची बारीक अक्षरं चाचपत फिरवायचे. पुढच्या टायरवर असायचं ४ पीआर, ४२ पी. मागच्यावर ६ पीआर, ४८ पी. पीआर म्हणजे टायरच्या पोटातल्या थरांची ताकद, दुकानातल्या भाषेत ‘चार प्लाय’ आणि ‘सहा प्लाय’. ४२ आणि ४८ हे वजनाचे सांकेतिक आकडे. ४२ म्हणजे टायर दीडशे किलो पेलणार, ४८ म्हणजे एकशे ऐंशी. ‘पी’ हा वेगाचा, ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा, आणि त्याच्याशी मामांना काही देणंघेणं नव्हतं. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले की नुसतं दूधच ऐंशी किलोच्या वर जातं. त्यात कॅनचं वजन, मामांचं वजन आणि गाडीचा मागचा निम्मा भार. मामा सातवी पास होते. या आकड्यांचा तक्ता त्यांनी कधी पाहिला नसेल, पण ‘६’ सापडला की त्यावर बोट ठेवून ते दुकानदाराकडे बघायचे, आणि दुकानदार दुसरीकडे बघायचा.

बुलेटलाही तेव्हा पुढं-मागं एकच माप होतं, ३.२५-१९. आज त्या गाड्या मागून पाहिल्या तर टायर हडकुळा वाटतो. त्या काळी तीच गाडी भारदस्त वाटायची, आणि तिचा टायर किती रुंद आहे हे कुणी वाकून पाहत नसे.

मग १९९९ साली सीबीझेड आली, २००१ साली पल्सर आली, आणि मागचा टायर पुढच्याहून जाड झाला. आकडे लिहायची रीतही बदलली. माझी पल्सर सतरा इंची चाकांची. तिच्या मागच्या टायरवर १००/९०-१७ असं होतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्केवारी, म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते. तिसरा रिमचा व्यास, इंचात. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. आपण शेत गुंठ्यांत मोजतो, घर चौरस फुटांत आणि पडद्याचं कापड मीटरमध्ये, त्यामुळे आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही.

हे एकदा कळलं की टायरची उंची वहीच्या मागच्या पानावर काढता येते. सतरा इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. त्यात शंभराच्या ९० टक्के, म्हणजे ९०, वर आणि खाली असे दोनदा मिळवा. ६११.८. हा मूळ टायरचा व्यास. ११०/८० घेतला तर ६०७.८, चार मिलिमीटरनं कमी. १२०/८० घेतला तर ६२३.८, म्हणजे चाक दोन टक्क्यांनी मोठं. एवढ्यानंही गाडी प्रत्येक गिअरमध्ये जरा जड उठते. स्पीडोमीटर मागच्या चाकावरून किंवा गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तो खरा वेग थोडा कमी करून सांगतो. केबल पुढच्या चाकातून निघत असेल तर त्याला या सगळ्याची गंधवार्ता नसते.

आणि २००८ साली यामाहाची एफझी आली. मागं १४०/६० आर १७. आमच्या कराडात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा लोक चहा ठेवून तिच्या मागं जाऊन उभे राहिले, हे मी पाहिलंय. इंजिन १५३ सीसीचं, पण ते कोण विचारतंय! त्यानंतर ज्याच्या त्याच्या गाडीला जाड टायर हवा झाला. माझ्या चुलतभावाची गाडी माझ्यासारखीच, १००/९०ची. त्यानं १३०/७० घालायचं ठरवलं आणि मला हिशेब करून दाखवला. ४३१.८ अधिक दोन वेळा ९१, म्हणजे ६१३.८. मूळ टायरपेक्षा फक्त दोन मिलिमीटर जास्त. हिशेबात चूक नव्हती. त्यात रिम नव्हती, एवढंच.

टायर रिमवर बसतो, आणि रिमला स्वतःची रुंदी असते. तो आकडा तिच्यावर कोरलेला असतो, व्यासाच्या शेजारीच. १३०/७०ला साडेतीन इंच रुंद रिम मानवते, तीन इंचांपर्यंत चालतं. १००/९०साठी बनवलेली रिम दोन-अडीच इंचांच्या घरात. तिच्यावर १३०चा टायर चढतो, पंक्चरवाला साबणाचं पाणी लावून चढवून देतो, त्याचं काय जातं? पण टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, भिंती वाकतात आणि माथा निमुळता होऊन वर येतो. सरळ रस्त्यावर फक्त मधली पट्टी टेकते आणि तीच आधी झिजते. त्यात गंमत अशी की, अरुंद रिमवर १३०चा टायर मोजला तर १३० भरतच नाही. पैसे रुंदीचे दिलेले असतात आणि रुंदी रिमनं कापून घेतलेली असते.

भावाच्या गाडीत आणखी एक गोष्ट झाली. चेन आणि टायर यांच्यात जेमतेम पेन्सिलीएवढी फट उरली. कुंभार्ली घाटानं चिपळूणला जाताना पावसात त्या फटीत लाल चिखल भरला. चेनला लावलेलं तेल टायरच्या भिंतीवर उडायला लागलं. वळणावर गाडी आडवी करायला नेहमीपेक्षा जास्त झुकावं लागत होतं, हे त्यानं स्वतः सांगितलं. दिसायला मात्र गाडी छान दिसत होती, हे मान्य करायला हवं. मी मागंच होतो.

टायर रुंद म्हणजे पकड जास्त, ही समजूत फार पक्की आहे. पण चाकावरचं वजन तेच आणि हवा तीच असेल, तर टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्रफळ साधारण तेवढंच राहतं. रुंद टायरचा ठसा आडवा पसरतो आणि लांबीला कमी होतो. मोठ्या ताकदीच्या, जोरात झुकवायच्या गाड्यांना आडव्या ठशाचा फायदा होतो, म्हणून त्यांना तो देतात. आपल्या दीडशे सीसीला पकड मिळते ती जास्त करून रबराच्या जातीवर, नक्षीच्या खोलीवर आणि हवेवर. चिखलात तर अरुंद टायरच बरा. तो खाली दाबत जाऊन घट्ट जमीन शोधतो, रुंद वरच्यावर पोहत राहतो.

माझ्या गाडीला मी मूळ टायरचा गोटा झाल्यावर ११०/८० घातला. एकच पायरी वर. रिमला तो चालत होता, चेनपासून मोकळं बोट जात होतं, आणि वजनाचा आकडा ५५वरून ५७वर गेला, म्हणजे २१८ किलोंवरून २३०. आता मागच्या सीटवर बायको आणि दोघांच्या मध्ये मुलगी असायची. फरक किती पडला? खरं सांगायचं तर थोडासा. हायवेवर गाडी जरा स्थिर वाटायची, एवढंच. त्याहून मोठा फरक पडला तो हवेमुळं. स्विंगआर्मवर चिकटवलेल्या स्टिकरवर एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा आकडा असतो, आणि तो स्टिकर वाचणारा माणूस मला पेट्रोलपंपावर अजून भेटलेला नाही. हवा भरणारा पोरगा विचारतो, ‘‘किती?’’ आणि लोक म्हणतात, ‘‘टाक की अंदाजानं.’’

परवा भाचा त्याची क्लासिक ३५० घेऊन आला. मागं १२०/८०-१८. ‘‘मामा, हिला १४० बसेल ना?’’ मी त्याला खाली बसवून रिमवरचा आकडा वाचायला लावला. मग चेनकव्हरच्या आत बोट घालायला लावलं. बोट गेलं, पण काळं होऊन आलं आणि त्याचा चेहरा पडला. दुकानात त्यानं नाइलाजानं १२०च मागितला. दुकानदारानं वरच्या फळीवरचा काढला. मी कडेवरचे चार आकडे बघितले. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. टायर न वापरताच चार वर्षांचा झाला होता. दुसरा मागवला.

‘‘वाचलेल्या पैशांचं काय करू?’’ भाच्यानं विचारलं, जरा चिडूनच. त्याचा पुढचा १००/९०-१९ मधे सपाट झाला होता, खाचांतले झिजेचे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले होते. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार त्याच चाकावर येतो. मी पुढच्या चाकाकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, ‘‘पण तो तर आत्ताच…’’ आणि मग स्वतःच वाकून पाहायला लागला.