बॉम जीझसचा उतरविलेला गिलावा

यवतमाळ जिल्ह्यांतील काळ्या पाषाणाचीं हेमाडपंती देवळें पाहण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आम्हांस जुन्या गोव्यांतील बॉम जीझसचें चर्च प्रथमदर्शनींच ओळखीचें वाटलें. दगड उघडा, ठिकठिकाणीं काळवंडलेला. "मूळ रूप छान राखलें आहे हो!" असे उद्गार आमच्या मंडळींच्या तोंडून निघाले. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे.

हें चर्च 1594 सालीं बांधावयास घेतलें व 1605 सालीं त्याचा अर्पणविधि झाला. दर्शनी भागावरील कोरीव कामाचा काळा दगड आपल्या वसईकडून आणलेला. भिंती मात्र जांभ्याच्या. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा असे, आणि सुमारें साडेतीन शतकें हें मंदिर बाहेरूनहि शुभ्र होतें. 1950 नंतर बाल्तझार कास्त्रो नामक पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या योजनेनें, इमारत प्राचीन दिसावी म्हणून, तो गिलावा काढून टाकण्यांत आला. तेव्हां आम्हीं ज्यास प्राचीनत्व म्हटलें, तें आमच्याहून फार तर दहा वर्षांनीं वडील!

आंत पाऊल टाकतांच समोर सोन्याचा मुलामा दिलेलें भव्य लांकडी मखर दिसतें. मध्यें संत इग्नेशियसची मोठी मूर्ति. ज्याच्या नांवाचें हें चर्च, तो बाळ येशू तिच्या पायाशीं अगदीं एवढासा. बाजूस संत फ्रान्सिस झेवियरची समाधि. तिचा चौथरा फ्लॉरेन्सच्या फॉज्जिनी नामक शिल्पकारानें घडविला. तो 1698 सालीं येथें बसविला. लांकूड, मुलामा, चित्रें, या सर्वांचा वैरी एकच, ओल. बाहेरचा गिलावा हें या अंतर्भागाचेंच छत्र होतें.

1962 ते 1965 च्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर पुरोहित लोकांकडे तोंड करून उपासना करूं लागले, म्हणून मखरापुढें निराळी वेदी आली. मागचें मखर कोणी हलविलें नाहीं. तो बदल उपासकांच्या गरजेचा होता. गिलाव्याचा बदल पाहणाऱ्यांच्या हौसेचा.

2024 सालीं पंढरपुरास गाभाऱ्यावर मागाहून चढविलेलें चांदीचें व फरशांचें आच्छादन काढून मूळ पाषाण मोकळा केला, तें योग्यच झालें; त्या दगडास अंगरखा मुळांत नव्हताच. जांभ्यास तोच न्याय लावणें म्हणजे फणसाची साल काढून गरे पावसांत ठेवणें होय.

1986 पासून हें चर्च जागतिक वारशांत गणलें जातें व पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहे. तरीहि 2020 सालीं तेथील मुख्य धर्मगुरूंस पावसाळ्याच्या तोंडावर जाहीर तक्रार करावी लागली. गिलावा पुन्हा चढवावा काय, यावर गोमंतकीयांत दोन तट आहेत. लहानपणापासून तांबडेंच चर्च पाहिलेल्यांस पांढरें परकें वाटावें, हें स्वाभाविक आहे. आमचें मत विचाराल तर चढवावा, आणि तोहि चुन्याचाच. सिमेंट ओल आंत कोंडून ठेवतें. निदान एका भिंतीवर चार पावसाळे पाहावयास हरकत कोणती?