करवंटीतला बाप

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टापायी घरात माशांची काचपेटी आली. रंगीत मासे तिनं निवडले. काचेवरचं शेवाळ खायला म्हणून दुकानदारानं ब्रिसलनोज कॅटफिशची एक जोडी दिली. मूळचा हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा मासा. नराच्या नाकाडावर मऊ कोंबांचं जंगल असतं. सासूबाईंनी पाहता क्षणी त्याचं नाव ठेवलं, ‘मीशप्पा’!

या माशाला अंडी घालायला अंधारी कपार लागते. आम्ही नारळाची करवंटी पालथी ठेवली. मीशप्पानं ती आतून साफ केली. मादी आत गेली, केशरी अंड्यांचा घोस चिकटवला आणि निघून गेली. पुढचं सगळं बापाकडं. पंख आणि शेपटी हलवून तो अंड्यांवर ताजं पाणी खेळवत राहतो. खायलासुद्धा फारसा बाहेर पडत नाही.

मला कुठला धीर! तासातासाला बॅटरी मारून बघायचो. तिसऱ्या दिवशी अंडी मोजायला करवंटीच उचलली. मीशप्पा बाहेर पडला तो परत गेलाच नाही. दोन दिवसांत अंड्यांवर पांढरी बुरशी आली. मुलगी माझ्याशी बोलेना. सासूबाई दोनच शब्द बोलल्या, “सुम्न बिड्री.”

पुढच्या खेपेला पेटीच्या त्या बाजूला टॉवेलच टाकला. आठवड्याभरानं पाहिलं, तर आत शेपट्या वळवळत होत्या. पिल्लांच्या पोटाला बलकाची पिशवी असते. ती संपेपर्यंत त्यांना बाहेरचं खाणं लागत नाही. तोवर बाप दारात ठाण मांडून. मग एके सकाळी इवली इवली पिल्लं काचेला चिकटलेली दिसली.

त्या मिशांविषयी 1999 साली अमेरिकी संशोधकांनी एक तर्क मांडला. मादीला ते कोंब पिल्लांसारखे भासत असावेत, आणि पिल्लं सांभाळणारा नर तिला पसंत पडत असावा. म्हणजे ही मिशी मर्दुमकीची नव्हे, बापपणाची!

यंदा मुलगी बारावीला आहे. अभ्यास चाललाय ना, हे बघायला मी अर्ध्या अर्ध्या तासाला काहीतरी निमित्त काढून तिच्या खोलीत डोकावत होतो. परवा चहा घेऊन निघालो, तर सासूबाईंनी नुसतं पेटीकडं बोट दाखवलं.

आता चहा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवतो, आणि सोप्यात पेपर तपासत बसतो. ती झोपेपर्यंत.