परसातला बिब्बा

न्यू जर्सीत घर घेतलं त्या वर्षी मागच्या कुंपणाला एक वेल चढलेला होता. एका देठाला तीन पानं, कोवळी असताना लालसर आणि चकचकीत. माझं लहानपण रत्नागिरीजवळ गेलेलं. तीन पानं दिसली की मला पळस आठवतो, नाहीतर घेवडा. दुधीला जागा करायची म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी मी तो वेल उघड्या हातांनी ओरबाडला, गुंडाळून कोपऱ्यात टाकला, हात नुसत्या पाण्याखाली धरले आणि स्वयंपाकाला लागले.

सोमवारी रात्री मनगटं खाजायला लागली. मंगळवारी सकाळी दोन्ही हातांवर बारीक फोडांच्या सरळ रेघा उमटल्या होत्या, वेलाचं देठ जिथे जिथे घासलं होतं अगदी तिथे तिथे. डावा डोळा सुजून मिटलेला. आरशात पाहिलं आणि तोंडातून शब्द निघाला, "उतलंय."

आजी हा शब्द बिब्ब्यासाठी वापरायची. बिब्बा उततो. कुणाला तो नुसता हाताळून उततो, कुणाला काहीच होत नाही. डॉक्टरांनी रेघा पाहून लगेच सांगितलं, पॉयझन आयव्ही. गोळ्या दिल्या, मलम दिलं, दोन-तीन आठवडे लागतील म्हणाल्या. फोडांतलं पाणी लागून ते पसरत नाही, हेही त्यांनी बजावलं. त्यामुळे मुलाला जवळ घेण्याची माझी भीती गेली. बिब्बा मात्र त्यांना माहीत नव्हता.

मी घरी येऊन वाचत बसले आणि आजीचा शब्द किती नेमका होता ते कळलं. आंबा, काजू, बिब्बा आणि हा वेल, सगळे एकाच कुळातले. याच्या चिकातल्या तेलाला उरुशिऑल म्हणतात. जपानी लोक ज्या झाडाच्या चिकापासून लाख-रोगण करतात त्याच्या 'उरुशी' या नावावरून ते पडलं, आणि ते झाडही याच गोतातलं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर धोब्याने कपड्यांना केलेल्या बिब्ब्याच्या खुणेखाली असेच चट्टे उठले होते. बिब्बा त्यांना उतला, त्यांच्याकडचा हा वेल मला.

वाचताना डोळ्यांसमोर येत होते ते काकूचे हात. ओले काजू सोलायला बसण्याआधी ती हातांना राख फासायची, आणि तरीही मोसम संपेपर्यंत तिच्या बोटांची सालं निघालेली असायची. चिकाच्या झाडाशी कसं वागायचं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इथे झाड ओळखीचं नव्हतं एवढंच.

कोपऱ्यातला ढीग तसाच वाळत होता. एका रविवारी ह्यांनी पाचोळ्याबरोबर तो पेटवायची तयारी केली. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून अक्षरशः ओरडले. हा वेल जाळायचा नाही, कधीच नाही! धुरातून तेच तेल श्वासात जातं आणि जे कातडीवर उठतं ते घशात, फुप्फुसांत उठतं. माणसं इस्पितळात जातात. वेल वाळला म्हणून तेल मरत नाही. हिवाळ्यात पानं गळून उरलेल्या काटक्यांत, मुळांत, कुदळीच्या दांड्यावर, न धुतलेल्या हातमोज्यांवर ते वर्षानुवर्षं टिकतं. त्या दिवशी ते ओरडले नसते तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा होतो.

उरलेला वेल काढायला मी पुढच्या पावसापर्यंत थांबले. माती भिजलेली असली की मुळं तुटत नाहीत, दोरीसारखी लांबच्या लांब येतात. जमिनीत उरलेला तुकडा पुन्हा फुटतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, हातांत जाड प्लास्टिकचे हातमोजे. साध्या रबरी मोज्यांतून हे तेल आत झिरपतं. वर ब्रेडच्या लांब पिशव्या चढवल्या. पिशवीतल्या हाताने रोप धरायचं, मुळासकट उपटायचं आणि पिशवी तशीच उलटी करून रोप आत घ्यायचं. गवत कापायचं यंत्र इथे फिरवायचं नाही, चिकाचे शिंतोडे उडतात. कंपोस्टमध्ये टाकायचं नाही. तोंड बांधून सगळं कचऱ्यात.

ओकच्या झाडावर चढलेल्या वेलाचं खोड मनगटाएवढं जाड होतं. त्यावर तांबूस मुळांचे केस असे दाट, की काथ्याचा सुंभ झाडाला गुंडाळलाय असं वाटावं. तो ओढून काढायचा मोह आवरला. जमिनीलगत करवतीने कापला, वीतभर वर पुन्हा कापला, मधला तुकडा काढून घेतला आणि खालच्या ताज्या कापावर ब्रशने तणनाशक लावलं. वरचा वेल झाडावरच सुकू दिला.

काम संपल्यावर घरात येण्याआधी बाहेरच्या नळावर भांड्यांचा साबण आणि खरखरीत फडकं घेऊन हात कोपरापर्यंत घासले, एकदा नाही, तीनदा. गार पाण्यानेच. हे तेल लागल्यावर पहिल्या काही मिनिटांत धुतलं तर बरंचसं निघतं, आणि तेलकट पातेल्यासारखं घासल्याशिवाय निघत नाही. कपडे वेगळे धुतले. करवत, कुदळ, बुटांच्या नाड्यासुद्धा धुतल्या.

त्या उन्हाळ्यात आंबा खाताना मुलगा म्हणाला, "आई, तू साल काढू नकोस, मी देतो कापून." हा वेल एकदा उतला की आंब्याच्या सालीनेही ओठांभोवती चट्टे उठू शकतात, हे त्याने माझ्याआधी वाचलं होतं. आजी आंब्याचं देठ मोडून चीक गळू द्यायची, मग आंबे पाण्यात घालायची, ते मी त्याला सांगितलं. त्याने लगेच पातेलं भरलं.

दर वर्षी एप्रिलमध्ये मी कुंपणाशी उकिडवी बसून बघते. याची पांढरी फळं पक्षी खातात आणि बिया तारेखाली टाकून जातात. यंदा पाच रोपं सापडली, बोटभर उंचीची. मधल्या पानाचा देठ लांब, बाजूची दोन पानं जवळजवळ देठाशिवाय, अजून लालच होती. ब्रेडच्या पिशव्या मी वर्षभर साठवते.